तिकीट काढण्याआधी वाचा: शेवटचा डाइव्ह आणि पहिलं विमान

आमच्या स्कुबा सहलींच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच. "तिकिटं काढून झाली. स्वस्तात मिळाली. जाताना कुरसावला सहा तासांचा लेओव्हर आहे, तेवढ्यात एक डाइव्ह बसेल ना?" बसत नाही. (कुरसाव हे कॅरिबियनमधलं एक बेट.) हे ऐकल्यावर फोनच्या पलीकडे जी शांतता पसरते, ती आम्हालाही नकोशी होते. म्हणून हे पत्रक.

आमच्याबरोबर कॅरिबियनला येणाऱ्या बहुतेकांकडे ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे स्कुबा डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र, असतं, त्यामुळे रेग्युलेटर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. (मालवण-तारकर्लीला केलेलं स्कुबा छानच असतं, पण तिथे टाकी धरून तुम्हाला फिरवणारा दुसराच असतो. ते कार्ड नव्हे. कार्ड नसेल तर आधी न्यू जर्सीतल्या आमच्या पूलवर या, तुमचे दोन शनिवार-रविवार लागतील.) पण कार्ड असलेली माणसंही एका ठिकाणी हमखास चुकतात, आणि ती चूक पाण्यात होत नाही, तिकिटं काढताना होते.

आधी थोडी उजळणी. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १८ मीटरवर तुम्ही जमिनीवरच्या जवळजवळ तिप्पट दाबाची हवा घेत असता आणि तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरत असतो. वर आल्यावर तो श्वासावाटे निघून जातो, पण सावकाश, तासन्‌तास. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून सेफ्टी स्टॉप घेतला म्हणून काम संपत नाही. नायट्रोजन निघून जायच्या आत बाहेरचा दाब आणखी उतरला, तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होतं ते शरीरात होतं.

विमानात दाब नेमका असाच उतरतो. मोठ्या विमानाच्या केबिनमधली हवा आठ हजार फूट, म्हणजे सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. कळसूबाई १६४६ मीटर. तिच्या डोक्यावर अर्धी कळसूबाई आणखी ठेवा आणि तिथे बसून चहा पीत आहात असं समजा.

म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे की एकच साधा डाइव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास जाऊ द्या. दिवसात एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास. सुट्टीवर आलेला माणूस दुसऱ्या प्रकारातच मोडतो. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, वापरलं म्हणून हे तास कमी होत नाहीत, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता चूक. कुरसावशेजारच्या बोनेअर बेटाचं उदाहरण घेऊ, कारण आमचे सगळ्यात जास्त लोक तिथे जातात. नेवार्कहून तिथे रोज थेट विमान नसतं, त्यामुळे येताना लोक कुरसाव किंवा अरुबावरून येतात. समजा शुक्रवारी सकाळी बोटीवरून दोन डाइव्ह केले आणि अकरा वाजता पाण्याबाहेर आलात. नेवार्कचं विमान कुरसावहून शनिवारी दुपारी तीनला. ग्राहक बोटं मोजतो: अकरा ते अकरा चोवीस, वर चार, अठ्ठावीस तास झाले, म्हणजे नियमात बसलं! पण शुक्रवारी संध्याकाळी सहाला बोनेअरहून कुरसावला नेणारं छोटं विमान आहे, ते त्याच्या हिशेबात येतच नाही. "ते काय, अर्ध्या तासाचं तर आहे!"

अर्ध्या तासाचं असलं तरी ते विमानच आहे. शेवटच्या डाइव्हनंतर तुम्ही अठ्ठावीस नव्हे, सातच तास थांबलात. छोटं विमान खालून उडतं, त्याने काही होत नाही, असं पुष्कळजण सांगतात. किती उंचीवरून न्यायचं हे पायलट आणि त्या दिवशीचे ढग ठरवतात, तुमचा नायट्रोजन बघून कोणी ठरवत नाही. म्हणून मोजायचं ते शेवटच्या डाइव्हनंतर पाण्याबाहेर आल्यापासून पहिल्या विमानाच्या उड्डाणापर्यंत. घरच्या विमानापर्यंत नाही.

सहा तासांच्या लेओव्हरचं उत्तरही यातच आलं. लेओव्हरनंतर पुन्हा उडायचंच असतं. एकाच डाइव्हलाही १२ तास लागतात.

आमचा स्वतःचा नियम मात्र १८ नव्हे, २४ तासांचा आहे. यावरून आम्ही बोलणी खाल्ली आहेत. "हॉटेलची एक रात्र वाढवायला ही युक्ती" असं एका गृहस्थांनी दुकानात उभं राहून सुनावलं. हॉटेलवर आम्हाला कमिशन मिळतं, ते कधी लपवलेलं नाही. पण त्या दिवशी आम्ही तुम्हाला दोन टाक्यांची बोट (म्हणजे दोन डाइव्हची सफर) विकत नाही, आणि ती त्या कमिशनपेक्षा जास्त देते. खरं कारण साधं आहे. १८ हा किमान आकडा आहे, आणि बेटांवरची छोटी विमानं दुपारचं उड्डाण सकाळवर आणतात तेव्हा तुम्हाला विचारत नाहीत. एका जोडप्याचं असंच झालं होतं. त्यांचे मोजून एकोणीस तास होत होते. आदल्या रात्री निरोप आला की विमान चार तास आधी सुटेल. त्यांनी ते सोडलं, नवी तिकिटं घेतली आणि आमच्यावर रागावले. त्यानंतर आम्ही १९ तासांचं बुकिंग घेणं बंद केलं.

कोपर-खांदा ठणकणं, मुंग्या, अंगावर चट्टे, झोपूनही न जाणारा थकवा: अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले की होणाऱ्या आजाराची, डीकंप्रेशन सिकनेसची, ही लक्षणं पाण्यातून आल्यावर काही तासांनीही दिसतात. बोनेअरला त्यावर उपचार करणारं रिकंप्रेशन चेंबर (दाब पुन्हा वाढवायची खोली) आहे, पण प्रत्येक बेटावर नाही, आणि विमानात तर नाहीच.

मग आखायचं कसं? लेओव्हर जातानाच्या प्रवासात घ्या. आधी उडून मग डाइव्ह करायला हरकत नाही. झोप काढा, पाणी प्या, दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरा. येतानाचा शेवटचा दिवस मात्र कोरडा ठेवा, आणि तो शेवटच्या उड्डाणाआधी नव्हे तर पहिल्या उड्डाणाआधी. जिथे फेरी आहे तिथे आणखी सोपं जातं. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाहून किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला बोटीने या, बोट समुद्रसपाटीवरच चालते, आणि रात्र तिथे काढून कँकूनहून उडा. साबा बेटाहून शेजारच्या सिंट मार्टेनलाही फेरी आहे. साबाच्या त्या चिमुकल्या, जेमतेम चारशे मीटरच्या धावपट्टीवर उतरायची हौस सगळ्यांना असते. ती जाताना भागवा.

साबावर आणखी एक खोच आहे. कोरड्या दिवशी काय करायचं म्हणून लोक तिथला माउंट सिनरी डोंगर चढायला निघतात. तो साडेआठशे मीटरहून उंच, म्हणजे आंबोलीच्याही वर. डाइव्हनंतर इतक्या उंचीवर जाणंही लगेच नको. (मालवणहून घाटमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं.) बोनेअरचा ब्रँडारिस डोंगर २४१ मीटरचा, तो खुशाल चढा. बेलीझला सकाळी ब्लू होलमध्ये (समुद्रातल्या प्रचंड गोल खड्ड्यात) डाइव्ह आणि दुपारी त्याच होलवरून छोट्या विमानाची चक्कर, असा बेत कोणी सुचवला तर तो मोडा. चक्कर आधी, डाइव्ह दुसऱ्या दिवशी.

कोरडा दिवस वाया जातो असं मात्र नाही. बोनेअरला मिठाचे पांढरे ढीग आणि फ्लेमिंगो आहेत, वर तरंगत स्नॉर्केलिंग करता येतं. कुरसावचं विलेमस्टाड १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथला १८८८ सालचा तरंगता पूल जहाज आलं की माणसांसकट बाजूला सरकतो, आणि लहान मुलं त्यावरून उतरायला तयार नसतात.

विम्याचं थोडक्यात: बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसींत स्कुबा धरलेलं नसतं. डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या, आम्ही अर्ज भरून देतो. व्हिसा आणि स्टॅम्पिंगचं पत्रक वेगळं आहे, काउंटरवर मागून घ्या.

तिकिटाचे पैसे भरण्याआधी सगळ्या उड्डाणांचा तपशील आम्हाला पाठवा, छोट्या विमानांसकट. शेवटचा डाइव्ह किती वाजता संपायला हवा ते त्याच दिवशी कळवतो. याचे पैसे घेत नाही, बुकिंग आमच्याकडे केलं नाहीत तरी.