ऑनलाइन माहितीची पारख: चेकलिस्टपासून लॅटरल रीडिंगपर्यंत

छापील पुस्तकांच्या काळात माहितीची पारख बरीचशी विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक पडण्याआधीच झालेली असे. संपादक, प्रकाशक, परीक्षक आणि शेवटी खरेदी करणारा ग्रंथपाल, एवढ्या चाळण्या पार करून पुस्तक कपाटात येई. त्यामुळे विश्वासार्हतेवरचे सुरुवातीचे संशोधन 'कोण सांगतो' याच प्रश्नाभोवती फिरले. १९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉव्हलँड आणि वॉल्टर वाइस यांनी येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी वाचायला दिला. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीवरचा लेख काहींना अणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या नावाने मिळाला, तर काहींना सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र असलेल्या 'प्रावदा'च्या. वजनदार नावाचा मजकूर तेव्हा जास्त पटला, पण चार आठवड्यांनी तो फरक जवळजवळ उरला नाही. म्हणणे लक्षात राहिले, ते कुणाचे होते याच्याशी असलेला सांधा सुटला. 'कुठेतरी वाचलंय' असे आपण म्हणतो, तेव्हा तोच प्रकार झालेला असतो.

वेब आले तशा या चाळण्या गळून पडल्या आणि पहिली धावपळ केली ती ग्रंथपालांनी. १९९८ मध्ये जिम कपून यांनी वेबपानांसाठी पाच निकष मांडले: अचूकता, लेखकाचा अधिकार, वस्तुनिष्ठता, ताजेपणा आणि व्याप्ती. पुढे २००४ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथालयात सेरा ब्लेकस्ली यांनी 'क्रॅप टेस्ट' ही अशाच निकषांची चेकलिस्ट तयार केली ('क्रॅप' म्हणजे इंग्रजी बोलीत घाण). नाव इतके चावट की विद्यार्थी ते विसरणे शक्य नव्हते. अनेक कॉलेजांच्या ग्रंथालयांनी ती उचलली.

हे निकष चुकीचे नव्हते, पण त्यांचा पिंड छापील पुस्तकाचा होता. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी समोरच्या पानावरच शोधायचा: लेखकाचे नाव आहे का, तारीख आहे का, संदर्भ दिलेत का, पत्ता डॉट ऑर्गने संपतो का. फसवणाऱ्यालाही याच गोष्टी पुरवायच्या असतात आणि त्या पुरवणे सोपे असते. डॉट ऑर्ग पत्ता कुणीही नोंदवू शकतो, त्यासाठी धर्मादाय संस्था असावे लागत नाही. 'आमच्याविषयी' हे पान मालकच लिहितो. शुद्धलेखन, व्यवस्थित मांडणी, खाली वीस संदर्भ या सगळ्यातून एवढेच कळते की पान करणाऱ्याने मेहनत घेतली आहे.

प्रत्यक्षात विद्यार्थी चेकलिस्टही फारशी वापरत नव्हते. बी. जे. फॉग यांच्या स्टॅनफोर्डमधल्या गटाने २००२ मध्ये २,६८४ जणांना खऱ्या वेबसाइट तोलायला लावल्या. त्यांच्या शेऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेरे दिसण्याविषयीचे निघाले: रंग, अक्षर, मांडणी. हे सर्वसाधारण वापरकर्ते होते, पण विद्यार्थ्यांचे चित्रही निराळे नव्हते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात गूगलच्या निकालांचा क्रम गुपचूप उलटा केला, तरी विद्यार्थ्यांचा ओढा वरच्या दुव्यांकडेच राहिला. एस्टर हरगिट्टाई आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या १,०६० विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. त्यांतल्या १०२ जणांना प्रत्यक्ष शोध घेताना पाहिले, तेव्हा लेखक कोण हे थोड्यांनी बोलून दाखवले. ते पडताळून मात्र एकानेही पाहिले नाही.

खरे वळण सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅग्रू यांच्या २०१७ च्या अभ्यासात आले. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफोर्डचे २५ विद्यार्थी यांना सारखीच कामे दिली. त्यांतले एक बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांचे होते. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' ही १९३० पासूनची हजारो सदस्यांची मुख्य संस्था. 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स' हा समलिंगी जोडप्यांच्या दत्तकविधानाच्या वादातून २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट. नावे जुळी, दोन्ही पाने नीटनेटकी. बहुतेक विद्यार्थ्यांना छोट्या गटाचे पान जास्त विश्वासार्ह वाटले आणि इतिहासकारांमध्येही एकमत झाले नाही. दहाही फॅक्ट-चेकरनी मात्र बरोबर ओळखले, तेही झटकन.

फरक होता तो वाचण्याच्या दिशेत. विद्यार्थी पान वरून खाली वाचत गेले. फॅक्ट-चेकर काही सेकंदांत पान सोडून नवे टॅब उघडत, संस्थेचे नाव शोधत आणि इतर तिच्याविषयी काय म्हणतात ते पाहत. शोधाचे निकाल आले तरी पहिल्यावर झडप घालत नसत. आधी खालपर्यंत पत्ते आणि सारांश नजरेखालून घालत. विकिपीडियावरही जात, पण थांबत नसत. तळटिपांतून मूळ स्रोताकडे निघत. वर्गात वर्षानुवर्षे ज्या विकिपीडियावर बंदी, तिथूनच तज्ज्ञांची सुरुवात, ही गंमत शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशीच. या पद्धतीला वाइनबर्ग आणि मॅग्रू यांनी 'लॅटरल रीडिंग', म्हणजे आडवे वाचन, म्हटले. माइक कॉलफिल्ड यांनी २०१९ मध्ये तिला चार पायऱ्यांचे रूप दिले, 'सिफ्ट' या नावाने: थांबा, स्रोत कोण ते पाहा, त्याच दाव्यावर अधिक चांगले वार्तांकन शोधा, उद्धरण किंवा फोटो असेल तर मूळ संदर्भापर्यंत जा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर नवीच अडचण उभी राहिली: उत्तर मिळे, पण बाहेर पडायला मुळात पानच नसे. मागितल्यावर मिळणारे संदर्भ कधी सरळसरळ बनावट असतात, खऱ्या लेखकाचे नाव आणि खऱ्या नियतकालिकाचे नाव जोडून तयार केलेले. ते पकडायला तीन गोष्टी कराव्या लागतात. लेखाचे शीर्षक अवतरण चिन्हांत घालून शोधायचे. डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असेल तर तो टाकून तोच लेख उघडतो का ते बघायचे. त्या नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका उघडून दिलेल्या पानांवर काय आहे ते पाहायचे. लेख खरा निघाला तरी निदान सारांश वाचावाच लागतो, कारण खऱ्या लेखाच्या तोंडी त्यात नसलेला निष्कर्ष घातलेलाही सापडतो.