क्लच दाबला की थांबणारी घरघर

गाडी उभी आहे. गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला. खालून बारीक घरघर येते. क्लच दाबला की थांबते, सोडला की पुन्हा सुरू होते. अशी गाडी गॅरेजला नेली की ‘क्लच गेलाय’ असं अनेकदा सांगितलं जातं आणि नवी क्लच प्लेट बसते. घरघर मात्र तशीच राहते, कारण ती क्लचची नव्हतीच.

जुन्या गाडीचा आवाज ओळखायचा तर तो कसा आहे याआधी तो कधी येतो आणि कधी जातो, हे बघायचं. एकाच्या कानाला जी घरघर वाटते ती दुसऱ्याला खरखर वाटते. आवाज कधी थांबला याबद्दल मात्र दोघांचं दुमत होत नाही. आणि क्लचच्या पॅडलमुळे हे ‘कधी’ आपल्या पायाखाली असतं. पॅडल वर असताना काही भाग फिरतात, खाली गेलं की ते थांबतात आणि दुसरेच काही कामाला लागतात.

नेमकं काय होतं ते पाहू. इंजिनच्या मागे फ्लायव्हील असतं आणि त्यावर प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. तिच्या मधल्या खाचांमध्ये गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसतो. पॅडल सोडलेलं असताना हा शाफ्ट इंजिनच्याच वेगाने फिरतो. पद्मिनी, ॲम्बॅसडर अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत त्याला गिअरने जोडलेला, गिअरबॉक्समधलाच समांतर दांडा म्हणजे ले-शाफ्टही गाडी न्यूट्रलला उभी असतानाही फिरत असतो. पॅडल पूर्ण दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर रेटलं जातं, प्लेट सुटते आणि दोन-तीन सेकंदांत इनपुट शाफ्ट थांबतो.

म्हणून वरची घरघर इनपुट शाफ्टच्या किंवा ले-शाफ्टच्या बेअरिंगची. उलट पॅडल दाबल्यावरच किर्रर्र असा कर्कश आवाज येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर. त्यातलं ग्रीस आटलं किंवा गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडले की ते असं ओरडतं.

तपासणी सपाट आणि उघड्या जागी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जीवावर बेतू शकतं. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, एसी आणि पंखा बंद करा. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये पाय पूर्ण काढून ऐका. मग पॅडल हाताने, फक्त मोकळी चाल (पॅडल सुरुवातीला जेवढं हलकं जातं तेवढी) संपेपर्यंत दाबा. आवाज इथेच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. इथे काही नाही, पण पॅडल तळाला गेल्यावर आवाज आला, तर क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकातलं, इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग किंवा बुश तपासायला हवं. इनपुट शाफ्ट थांबतो आणि क्रँक फिरत राहतो तेव्हाच या बेअरिंगचा आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या वेगाने फिरतो. आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत हे बेअरिंग नसतंच, त्यामुळे आपल्या गाडीची रचना आधी माहीत करून घ्या.

मोकळ्या चालीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण रिलीज बेअरिंगचं आयुष्य तिच्यावर ठरतं. केबलच्या क्लचमध्ये पॅडल सुरुवातीला 15 ते 25 मिलिमीटर हलकं जायला हवं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या पाकळ्यांची टोकं उलट दिशेला, बेअरिंगकडे येतात. म्हणजे प्लेट झिजत जाते तशी मोकळी चाल आपोआप कमी होते. ती शून्यावर आली की बेअरिंग अखंड फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं टिकायचं ते लवकर संपतं. क्लच पॅडलवर पाय टेकवून गाडी चालवली तरी हेच होतं. केबलचं नट दोन-चार फेरे फिरवायचं हे काम आहे, पण ते टाळलं की पुढे अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ज्या हायड्रॉलिक क्लचमध्ये चाल आपोआप जुळते, तिथे मात्र बेअरिंग पाकळ्यांना कायम हलकं टेकलेलंच असतं. तो दोष समजू नका.

आता फसवणारा आवाज. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना, गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते. लक्षण घरघरीचंच, तरी बेअरिंग ठीक असू शकतं. पिस्टन क्रँकला सलग फिरवत नाहीत, धक्क्याधक्क्याने फिरवतात. मारुती 800 मध्ये 3 सिलिंडर आहेत. आयडलिंग मिनिटाला 900 फेऱ्यांचं धरलं तर सेकंदाला 22 ते 23 धक्के बसतात. हे धक्के गिळण्यासाठी क्लच प्लेटच्या मध्यभागी छोट्या स्प्रिंगा असतात. त्या सैल झाल्या किंवा तुटल्या की मोकळे फिरणारे गिअर एकमेकांच्या दातांवर आपटू लागतात. इंजिनचा वेग 1500 पर्यंत हळूच वाढवा: खडखड विरली तर स्प्रिंगा किंवा फार कमी ठेवलेलं आयडलिंग, घरघर वेगाबरोबर चढत गेली तर बेअरिंग.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक गिअरबॉक्सच्या कवचावर, बेअरिंग बसलेल्या जागेजवळ, आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवा. धातूतला कंप हवेत फारच थोडा उतरतो, पण धातूतून हाडात सहज जातो. म्हणून बाहेर पुसट वाटणारी खरखर इथे स्पष्ट होते. फिरते पट्टे आणि पंखा यांच्यापासून ओढणी, बाही, केस लांब ठेवा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका, स्टँड लावाच.

चालत्या गाडीत गिअर बदलून ऐकायचं. पद्मिनी, ॲम्बॅसडर यांच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथ्या गिअरला इनपुट आणि आउटपुट शाफ्ट थेट जोडले जातात. ले-शाफ्ट तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. पहिल्या तीन गिअरला येणारी घरघर चौथ्याला जवळजवळ गेली, तर ले-शाफ्टची बेअरिंगं गेली असं समजा. मारुती 800 सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत असा थेट गिअर नसतो, त्यामुळे ही खूण तिथे लावू नका. फक्त एकाच गिअरला सूर येत असेल तर त्या जोडीचे दात झिजलेत. 15 दातांचा गिअर मिनिटाला 3000 फेरे फिरला की सेकंदाला 750 वेळा दात दाताला भिडतो, म्हणूनच तो सूर ठरावीक स्वराचा आणि वेगाबरोबर चढणारा असतो. रिव्हर्सला येणारी ऊंऽऽ मात्र बहुतेक गाड्यांत ठीकच. त्याचे दात सरळ कापलेले असतात, बाकी गिअरचे तिरके.

गिअर टाकताना कर्रर्र झालं तर दोष क्लचचा की सिंक्रो रिंगचा (गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणाऱ्या कड्याचा)? गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही दात घासले तर क्लच पुरता सुटत नाहीये: केबल ताणली गेलीय, रिलीज बेअरिंगला ढकलणारा फोर्क झिजलाय, किंवा प्लेट शाफ्टच्या गंजलेल्या खाचांत अडकतेय. रिव्हर्स अलगद पडतो, पण चालत्या गाडीत दुसरा किंवा तिसराच घासतो, तर त्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग झिजली आहे. बॉक्स उघडल्यावर रिंग गिअरच्या कोनावर दाबून मधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात. बऱ्याच गाड्यांत ती सुमारे अर्धा मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग बदलायची.

ऑइल आधी बघा, बॉक्सला हात नंतर. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ते यायला हवं, आणि त्या वेळी गाडी सपाट उभी हवी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, मलमासारखी पूड असणं साहजिक आहे. टोचणारे पोलादी तुकडे मिळाले तर बेअरिंग किंवा दात फुटलेत. ऑइलात सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोचं पितळ उतरतंय. जुन्या बॉक्समध्ये जीएल-4 दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-5 घालू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं काही मिश्रणांत पितळाला खातात.

काही आवाज गिअरबॉक्सचे नसतातच. वळताना येणारी टकटक बाहेरच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या वळू शकणाऱ्या सांध्याची. मागच्या चाकांच्या गाडीत क्लच सोडताना येणारा ‘ठक’ मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) किंवा सैल माउंटिंगचा. गाडी किंचित डावी-उजवी झुकवल्यावर बदलणारी घूंऽऽ चाकाच्या बेअरिंगची.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर मजुरी एकदाच जाते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला आणि इंजिनचं मागचं ऑइल सील बघा. काढलेलं बेअरिंग हातात धरून हळू फिरवा. बोटांना जे खरखरीत लागतं तेच कानाला ऐकू येत होतं. प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर बेअरिंग टेकल्याची चकाकती गोल रेघ दिसेल. तिथे खोल चर पडला असेल तर नवं बेअरिंगही आवाज करील. क्लच प्लेटवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा धूळ हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. बसवताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिलं तर नवी प्लेट मध्यातून वाकते आणि पुन्हा गिअर घासू लागतो. खाचांना ग्रीस लावा, पण इतकंच की बोट फिरवल्यावर नुसता ओलसर थर राहील. जास्त झालेलं ग्रीस पहिल्याच फेरीत उडून लायनिंगवर बसतं, आणि मग चढावर क्लच घसरायला लागतो.