शंभर बापांची रांग

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि आपल्याकडे एकदम सगळ्यांना कारागिरांची आठवण झाली. या चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ पासून महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांकडे आहे. बेळगाव त्यातला एक. अथणी-निपाणीकडच्या समगार आणि चांभार घरांवर मग कौतुकाचे लेख आले. त्यांत एक वाक्य हमखास असायचं: ‘ही कला त्यांच्या रक्तातच आहे.’

रक्तात पेशी असतात, साखर असते; चामडं कापायची रापी चालवायचं कसब नसतं. वाइझमन या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून पाहिल्या होत्या. पुढची पिल्लं शेपटीसकटच जन्मली. अंगाला जे होतं, हाताला जे येतं, ते बीजात उतरत नाही. आरीनं भोक पाडून चामड्याच्याच वादीनं शिवणं पोराला येतं, कारण ते लहानपणापासून त्या घरात बसलेलं असतं आणि दुसरीकडे बसायला त्याला जागा नसते. ‘मागच्या जन्मीचं’ म्हणणारे आणि ‘डीएनएमध्येच आहे’ म्हणणारे एकाच माळेचे मणी.

कामाचा वारसा तर चक्क कायद्यात लिहिलेला होता. मुंबई इलाख्यात १८७४ पासून वतनांचा, म्हणजे गावच्या पिढीजात कामांचा, कायदा होता. महारकी हे त्यातलं कनिष्ठ वतन. बापाचं काम पोराकडे जाणार, हे सरकारी दप्तरात नोंदलेलं. आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. महाराष्ट्राच्या बाजूला ही वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. बेळगाव १९५६ लाच म्हैसूर राज्यात गेलेलं असल्यामुळे इकडे त्यासाठी १ फेब्रुवारी १९६३ उजाडावा लागला. म्हणजे सीमाभागात आज साठीत असलेल्या माणसाच्या बापानं वतनाची चाकरी केलेली असू शकते.

मग तेव्हापासून किती फरक पडला? इथून पुढे थोडं गणित आहे, पण मला या विषयात सगळ्यात आवडतं ते हेच.

साक्षरतेचे आकडे सोपे आहेत. देशभरात अनुसूचित जातींची साक्षरता १९६१ मध्ये सुमारे १० टक्के होती, २०११ मध्ये ६६. मोजायचा वयोगट मधे बदलला, तरी झेप खरीच आहे. पण त्याच काळात सगळ्या देशाची साक्षरता २४ वरून ७३ वर गेली. सगळेच वर सरकत असतील तर नातू आजोबांपेक्षा जास्त शिकला एवढ्यानं त्याची जागा बदलली असं होत नाही. जागा बघायची तर रांग लावावी लागते.

अशी कल्पना करा की शंभर बाप शिक्षणाप्रमाणे रांगेत उभे केले, सगळ्यात कमी शिकलेला शून्याकडे, सगळ्यात जास्त शिकलेला शंभराकडे. मुलांचीही तशीच वेगळी रांग. आता खालच्या पन्नास बापांची मुलं आपल्या रांगेत सरासरी कितव्या जागी उभी आहेत ते बघायचं. बापाच्या जागेचा काहीच परिणाम होत नसेल तर उत्तर ५० येईल. प्रत्येक मुलगा बापाच्याच जागी उभा राहिला तर २५. सगळा समाज एका आकड्यात.

फक्त एक पंचाईत आहे. जुन्या पिढीत शंभरातले ६० बाप शाळेची पायरीच न चढलेले असतील, तर त्यांच्यातला पहिला कोण आणि साठावा कोण? सगळे अंगठेबहाद्दर, सगळे बरोबरीत. समजा या साठांच्या मुलांची सरासरी जागा ३९ आली. पुढच्या पिढीत निरक्षर बाप ३० च उरले आणि त्यांच्या मुलांची सरासरी ३३ आली. घाईतला माणूस म्हणेल, ३९ वरून ३३, गरिबाची पोरं आणखी मागं पडली! पण पहिले साठ आणि दुसरे तीस हे सारखे लोकच नव्हेत. दुसऱ्या खेपेला आपण रांगेचं अगदी शेपूट तेवढं तपासतोय.

आशर, नोव्होसाड आणि रॅफकिन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतासाठी यावर तोड काढली. त्यांनी एवढंच गृहीत धरलं की बाप रांगेत पुढे असेल तर मुलाची सरासरी जागा त्यामुळे खाली जात नाही. मग खालच्या पन्नासांचं उत्तर साठांच्या सरासरीपेक्षा, म्हणजे ३९ पेक्षा, जास्त असूच शकत नाही. खालची हद्दही निघते. सगळ्या मुलांची सरासरी ५० असायलाच हवी, म्हणून वरच्या चाळीस बापांच्या मुलांची ६६.५ येते. पन्नास ते साठमधल्या दहांची त्याहून जास्त नसणार. साठांच्या बेरजेतून, म्हणजे २,३४० मधून, त्या दहांचे ६६५ वजा केले आणि पन्नासांनी भागलं की ३३.५. खरं उत्तर या दोन हद्दींच्या मधे कुठंतरी. एक ठाम आकडा मिळाला नाही, पण खोटा आकडाही मिळाला नाही, आणि मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

या पद्धतीनं देशाचा हिशेब केला तर १९५० नंतर जन्मलेल्या पिढ्यांत एकूण चित्र फारसं हललेलं नाही. अनुसूचित जाती-जमातींची मुलं मात्र वर सरकली आणि मुसलमानांची खाली. ‘आरक्षणानं काय झालं’ विचारणाऱ्यांनी आणि ‘आता जात कुठं राहिली’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही यावर जरा बसून विचार करावा.

सीमाभागात मात्र रांगच दोन राज्यांत कापलेली आहे. मराठी शाळेत शिकलेल्या निपाणीच्या पोराला कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड लागणारच. तो पलीकडे महाराष्ट्रात कागलला, म्हणजे घरापासून तासाभराच्या आत, स्थायिक झाला तर त्याची जात तीच राहते, पण अनुसूचित जातीची यादी राज्यवार असल्यामुळे महाराष्ट्राच्या आरक्षणात तो बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९० मध्ये सांगितलं आणि २०१८ मध्ये पुन्हा. खासगी नोकरीत वेगळीच चाळणी: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थोरात आणि अटवेल यांच्या प्रयोगात पात्रता सारखीच असूनही दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली.

आणि शिक्षणाची रांग म्हणजे मजुरीची रांग नव्हे. निपाणीत बिड्या वळणाऱ्या घरात बघा. मांडीवर सूप, पान कात्रीनं बेतायचं, तंबाखू भरायचा, वळून दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार बिड्यांवर. अंगठा उठवणारी सासू आणि दहावी झालेली सून शेजारी बसल्या तरी हजाराचा भाव एकच. सासूचा हात बसलेला, त्यामुळे दिवसाअखेर तिच्याच बिड्या जास्त भरतात. साक्षरतेच्या तक्त्यात हे घर एका पिढीत वर गेलेलं दिसेल, मजुरीच्या तक्त्यात जिथल्या तिथं. शिवाय दोन पिढ्यांची तुलना ज्यांवरून होते अशा बऱ्याच पाहण्यांत घरात राहणाऱ्यांचीच नोंद होते, त्यामुळे लग्न होऊन गेलेली लेक आईबापाच्या हिशेबातून गळते. वर सांगितलेली रांग बापलेकांची आहे ती म्हणूनच. आईपासून लेकीपर्यंतचा हिशेब मांडायचा तर लेक कुठं नांदते हे विचारणारा रकाना आधी फॉर्मवर यायला हवा.