न्यूयॉर्कच्या पब्लिक हायस्कूलमध्ये टीमकडून खेळायचंय? पीएसएएलचे नियम, कागदपत्रं आणि कुणाला गाठायचं

सप्टेंबर आला की आपल्या क्वीन्सच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न येतात, मुलाला शाळेच्या टीममध्ये खेळायचंय तर फॉर्म कुठे भरायचा, फी किती, मुलीला घेतील का, आम्ही आत्ताच पुण्याहून आलोय तर चालेल का. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतेय. मुलाच्या निमित्ताने दोन वर्षं हे सगळं स्वतः केलंय, आणि एका साध्या कागदापायी त्याची पहिली मॅच गेली ते अजून मनाला लागून आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी हे पीएसएएल म्हणजे काय ते. पब्लिक स्कूल्स ॲथलेटिक लीग, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांची स्वतःची लीग, आणि ती आजकालची नाही, १९०३ सालची आहे. ल्यूथर गुलिक नावाचे गृहस्थ तेव्हा शहरातल्या शाळांच्या शारीरिक शिक्षणाचे प्रमुख होते, त्यांनी ती सुरू केली, आणि हे तेच गुलिक ज्यांनी त्याआधी स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकांना हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितलं आणि त्यातून बास्केटबॉल जन्माला आला. लीगची पहिली मीट २६ डिसेंबर १९०३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली, हजारावर मुलं आली होती. १९०५ मध्ये मुलींसाठी वेगळी शाखा निघाली. बेसबॉलचा लू गेरिग याच शहरातल्या पब्लिक शाळेत खेळला, सँडी कूफॅक्स ब्रुकलिनच्या लाफाएटमध्ये होता, आणि मॅनी रामिरेझ तर लहानपणी डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेला मुलगा, वॉशिंग्टन हाइट्सच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधून थेट प्रोफेशनल बेसबॉलमध्ये गेला. हे सांगतेय कारण आपल्यातले बरेच जण याला शाळा सुटल्यावरचा टाइमपास समजतात. मुंबईच्या माणसाला हॅरिस शील्डचं काय वाटतं ते आठवा, इथल्या मुलांना पीएसएएलच्या सिटी चॅम्पियनशिपचं तसंच वाटतं.

आणि फी शून्य. प्रायव्हेट क्लबमध्ये आपण सीझनला शेकडो डॉलर मोजतो, इथे कोच, मॅच, अंपायर सगळं शाळेतर्फे असतं. कॅथलिक आणि प्रायव्हेट शाळांच्या लीग वेगळ्या आहेत, मूल तिथे शिकत असेल तर हे नियम त्याला लागू नाहीत, आणि होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांना न्यूयॉर्क राज्यात पब्लिक शाळेच्या टीममधून खेळता येत नाही.

आता अर्ज. कुठल्याही वेबसाइटवर फॉर्म शोधत बसण्याआधी शाळेतल्या ॲथलेटिक डायरेक्टरला गाठा, सगळे त्याला एडी म्हणतात, बहुतेक ठिकाणी तो पीईचा म्हणजे शारीरिक शिक्षणाचाच शिक्षक असतो. कुठल्या खेळाची टीम आहे, ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी कधी, फॉर्म कुठले, हे सगळं त्याच्याकडे कळतं. सीझन तीन असतात, फॉल, विंटर आणि स्प्रिंग. अमेरिकन फुटबॉल, क्रॉस कंट्री फॉलला, बास्केटबॉल, रेसलिंग आणि इनडोअर ट्रॅक विंटरला, बेसबॉल, सॉफ्टबॉल, आउटडोअर ट्रॅक आणि आपलं क्रिकेट स्प्रिंगला. ट्रायआउट सीझनच्या अगदी सुरुवातीला उरकतात, आणि महिनाभराने जाऊन विचारलं तर कोच कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात फार काही राहत नाही.

कोण खेळू शकतं, तर नववी ते बारावीचा कुठलाही विद्यार्थी, पण वयाचा नियम नीट समजून घ्या. एकोणीस वर्षं पूर्ण झाली की खेळणं थांबतं, फक्त एकोणिसावा वाढदिवस १ जुलैला किंवा त्यानंतर येत असेल तर ते पुढचं पूर्ण शाळेचं वर्ष खेळता येतं. म्हणजे ३ जुलैला एकोणीस झालेला मुलगा बारावीचं अख्खं वर्ष खेळेल आणि २८ जूनला झालेला अजिबात नाही. पाच दिवसांचाच फरक, पण जन्मदाखल्यावरची तारीख आहे ती आहे.

दुसरा नियम भारतातून मध्येच आलेल्या मुलांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. खेळायला सलग आठ सेमिस्टर म्हणजे चार वर्षं मिळतात आणि ती मोजायची मूल पहिल्यांदा नववीत गेलं तिथपासून. ती नववी न्यूयॉर्कमध्येच झालेली असली पाहिजे असं काही नाही. समजा मुलगा पुण्यात नववी आणि दहावी करून आला आणि इथल्या शाळेने क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांची जमा, बघून त्याला परत दहावीत बसवलं, तर तो बारावीत पोचेपर्यंत त्याची चार वर्षं संपलेली असतात, आणि ज्या वर्षी तो सगळ्यात तयारीचा असतो त्याच वर्षी बाहेर बसावं लागतं. आजारपण किंवा अपघातामुळे वर्ष वाया गेलं असेल तर वाढीव मुदत मागता येते, त्याला डॉक्टरांचे कागद लागतात, नुसतं देश बदलला म्हणून ती मिळत नाही. म्हणून ॲडमिशनच्या वेळी भारतातल्या सगळ्या मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन काउन्सेलरशी बसा आणि किती क्रेडिट धरताय ते तिथेच विचारा, हा प्रश्न अभ्यासासाठी जितका महत्त्वाचा तितकाच खेळासाठी.

अभ्यासाची अट पण आहे आणि मला ती मनापासून पटते. क्रेडिटचे किमान पाच विषय पास आणि शिवाय पीई पास, असं पीएसएएलचं माप, आणि हजेरी नव्वद टक्के. पीई इथे नापास होता येतं बरं का, कपडे न बदलता कोपऱ्यात बसून राहणारी मुलं नापास होतात, आणि मग गणितात ९५ मिळवूनही टीमबाहेर. ग्रेड आणि हजेरी पालकांना एनवायसी स्कूल्स अकाउंटवर दिसते, महिन्यातून एकदा तरी उघडून बघा, उशिरा येण्याच्या किंवा चुकून लागलेल्या गैरहजेरीच्या नोंदी तिथेच कळतात आणि वेळेत सांगितलं तर शाळा दुरुस्त करून देते. या अटींमध्ये अधूनमधून बदल होतात, त्यामुळे सीझनच्या आधी त्या वर्षीचा नियम एडीकडून ऐकून घ्यायचाच.

ट्रान्सफरवाल्यांनी पण सावध राहायचं. एका हायस्कूलमधून दुसऱ्यात गेलं की खेळण्यावर बंधन येऊ शकतं, खेळासाठी शाळा बदलू नये म्हणून हा नियम आहे. ब्रॉन्क्सहून क्वीन्सला घर बदललंय म्हणून शाळा बदलली असेल तर लीज, विजेचं बिल असे पत्त्याचे पुरावे जपून ठेवा.

आता कागद. मुख्य दोनच, पालकांचं संमतीपत्र आणि मेडिकल. संमतीपत्रावर सही करताना पटकन खाली जाऊ नका, इमर्जन्सी नंबर दोन द्या, आणि त्यातला एक असा द्या जो दिवसा फोन उचलतो. मेडिकल म्हणजे डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंटने केलेली तपासणी, ती बारा महिने चालते, ज्या महिन्यात झाली, पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. शिवाय सीझन सुरू होताना तब्येतीत मधल्या काळात काही बदल झाला का याचा एक छोटा फॉर्म असतो, तो पालकांनीच भरायचा. शाळेत नाव घालताना दिलेला सीएच-२०५ हा वेगळा कागद, तो दिलाय म्हणजे खेळाचं मेडिकल झालं असं धरून चालू नका. आणि हे सगळं मॅचच्या आधी नाही, ट्रायआउटच्याही आधी लागतं, कागद नसेल तर प्रॅक्टिसला उभंसुद्धा करत नाहीत.

आमची चूक इथेच झाली. डॉक्टरांकडे जाऊन आलो, फॉर्म भरला, सही घेतली, मी निर्धास्त. पोराने फॉर्म बॅगेतून नेऊन शाळेत दिला आणि ट्रायआउट होऊन गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, मॅचच्या आदल्या दिवशी, कोचने फाइल काढून एकेक कागद बघितला. आमच्या फॉर्मवर सही होती पण तपासणीची तारीख नव्हती आणि शिक्का नव्हता. कोचने त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हा मुलगा उद्या नाही. क्लिनिक तोवर बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण किटबॅग घेऊन गेला, पॅड बॅगेतच राहिले, आणि त्याने वीस ओव्हर बाउंड्रीबाहेर बसून स्कोअर लिहिला. पहिल्यांदा मला त्या कोचचा राग आला होता, आता कळतं की त्याचं बरोबर होतं, कारण अपात्र मुलगा एक ओव्हर जरी खेळला तरी मॅच अख्ख्या टीमच्या हातून जाते, आणि मुळात ते कागद मुलांच्या जिवासाठीच आहेत. त्यामुळे क्लिनिकच्या काउंटरवरून हलायच्या आधी तिथेच उभं राहून बघा, नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख, सही, शिक्का. फोनवर फोटो काढून ठेवा, मूळ कागद शाळेला आणि एक झेरॉक्स घरी.

इन्शुरन्स नाही म्हणून घाबरू नका. बऱ्याच शाळांच्या इमारतीत स्कूल-बेस्ड हेल्थ सेंटर असतं, तिथे पालकांच्या संमतीने तपासणी होते आणि खिशातून पैसे जात नाहीत. एकोणीसच्या आतल्या मुलांना चाइल्ड हेल्थ प्लस हा राज्याचा मुलांचा आरोग्य विमा पण मिळू शकतो, इमिग्रेशन स्टेटस काहीही असो. आणि शाळा स्टेटस विचारत नाही, व्हिसावर असलात म्हणून मुलाला मागे ठेवू नका.

तब्येतीच्या फॉर्मवर छातीत दुखणं, पळताना चक्कर येणं, घरात कुणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू, असे प्रश्न असतात. खरं लिहा. आपल्याकडे वाटतं की लिहिलं तर पोराला काढून टाकतील, तसं नसतं, पुढची तपासणी करायला सांगतात. अचानक हृदय बंद पडण्याबद्दलचा राज्याचा कायदा १ जुलै २०२२ पासून लागू आहे, त्यानुसार मैदानावर अशी लक्षणं दिसली की त्या मुलाला ताबडतोब बाहेर काढावंच लागतं. डोक्याला मार लागला तरी तसंच, कंकशनचा म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला की लगेच बाहेर, आणि चोवीस तास काही त्रास नाही आणि डॉक्टरांची लेखी परवानगी आहे, हे दोन्ही असल्याशिवाय परत आत घेत नाहीत. मुलगा मी बरा आहे म्हणेल, कोचला फोन करून गळ घालू नका.

मुलींबद्दल खूप जणी विचारतात. शाळेत त्या खेळाची मुलींची टीम नसेल तर राज्याच्या नियमाने मुलगी मुलांच्या टीमसाठी ट्रायआउट देऊ शकते, अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत आधी तिच्या तयारीची तपासणी होते. तेव्हा मुलीने बॅट मागितली तर तिला एडीकडे पाठवा.

क्रिकेटचं सांगायलाच हवं. २००८ च्या स्प्रिंगमध्ये पीएसएएलने क्रिकेट सुरू केलं, आणि अमेरिकेत पब्लिक शाळांमध्ये लीग म्हणून क्रिकेट आणणारं हे पहिलं शहर. गयाना, त्रिनिदाद, बांगलादेश, पाकिस्तान, पंजाब, सगळीकडची पोरं एका टीममध्ये असतात आणि पार्कातल्या मैदानावर खेळतात. पण क्रिकेट प्रत्येक शाळेत नाही. म्हणून आठवीत असताना मायस्कूल्स या शहराच्या ॲडमिशनच्या वेबसाइटवर हायस्कूलची यादी लावताना प्रत्येक शाळेच्या पानावर पीएसएएल स्पोर्ट्स बघा, मुलांच्या आणि मुलींच्या टीम तिथे वेगवेगळ्या दिलेल्या असतात. एकाच इमारतीत चार-पाच छोट्या शाळा असतील तर त्यांची मिळून एक कॅम्पस टीम असते, तेव्हा शाळा छोटी म्हणून लगेच फुली मारू नका. छोट्या शाळांना, त्यातही कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त असलेल्या शाळांना टीम कमी मिळतात म्हणून २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी शहरावर खटला भरला होता. आपल्या शाळेत टीम नाही तर आम्हाला कुठे खेळता येईल हा प्रश्न एडीला जरूर विचारा, तो विचारायचा हक्क त्या पोरांनी लढून मिळवलाय.

प्रवासाचं सोपं झालंय. २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्यांच्या ओम्नी कार्डवर (सबवे-बसचं कार्ड) दिवसाला चार फुकट राइड मिळतात, आठवड्याचे सातही दिवस, त्यामुळे शनिवारची मॅच किंवा उशिरा संपलेली प्रॅक्टिस याची काळजी उरली नाही.

मान-सन्मानाबद्दल थोडं. पीएसएएलचा सगळ्यात मोठा मान म्हणजे विंगेट अवॉर्ड, लीगचे पहिले अध्यक्ष जनरल जॉर्ज विंगेट यांच्या नावाने, प्रत्येक खेळातल्या बारावीच्या उत्तम खेळाडूला. त्यासाठी पालकांनी अर्ज करायचा नसतो. आपण करू शकतो ते एवढंच की मुलाचे आकडे, मॅचच्या तारखा, फोटो एका फाइलमध्ये ठेवायचे, कोच बदलतात आणि जुन्या सीझनचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि मदत करायची असेल तर मैदानावर या. दुपारी चारच्या मॅचला दोनच पालक असतात आणि मुलं खेळता खेळता सारखी तिकडे बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी पडून असलेले पॅड, हेल्मेट, ग्लव्हज असतील तर आधी एडीला विचारून शाळेला द्या. पैसे गोळा करणार असाल तर पेरेंट्स असोसिएशनमार्फतच, त्यांच्यासाठी शहराच्या शिक्षण खात्याचे चान्सलर्स रेग्युलेशन ए-६६० चे नियम आहेत आणि हिशोब ठेवावा लागतो. कोचच्या हातात कॅश देऊ नका, कोच कितीही सज्जन असला तरी, त्यालाच अडचण होते.

क्रिकेटवाल्यांनी फेब्रुवारीच्या मिडविंटर रिसेसमध्ये मेडिकलची अपॉइंटमेंट घ्या, मार्चमध्ये डॉक्टरांकडे जागा मिळत नाही. आणि फॉर्मवरची तारीख बघा.