एल पासोची क्रांतिफेरी : निघण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

टेक्ससच्या पश्चिम टोकाला एल पासो, नदीपलीकडे मेक्सिकोचं सिउदाद हुआरेस. १९१० ते १९२० या दशकात मेक्सिकोत क्रांती पेटली होती, तेव्हा तिचा पैसा, बंदुका, बातमीदार, हेर आणि हरलेले सेनापती याच गावातून ये-जा करत. खुणा आजही उभ्या आहेत, पण त्या बघताना सालांचा घोळ फार होतो. म्हणून हुआरेसच्या तीन लढाया आधी डोक्यात बसवा : मे १९११, नोव्हेंबर १९१३ आणि जून १९१९. प्रत्येक इमारतीसमोर एकच प्रश्न विचारायचा : ही तेव्हा होती का?

नावांचे उच्चारही सांगून ठेवतो. मराठीत ‘पांचो व्हिला’ छापतात, इथे ‘विया’ म्हणतात. वेर्ता, ओरोस्को, मादेरो ही नावं लिहिल्याप्रमाणेच.

फेरी सान हासिंतो चौकातून सुरू होते. चौकात मगरींचं शिल्प दिसेल. पूर्वी इथल्या हौदात खऱ्या मगरी होत्या. क्रांतीशी त्यांचा काही संबंध नाही, पण प्रत्येक गट विचारतोच. जवळच मेसा स्ट्रीटवर रॉबर्ट्स-बॅनर इमारत आहे. इथल्या एलीट कन्फेक्शनरी या मिठाईच्या दुकानात बसलेल्या विया आणि ओरोस्को या क्रांतीच्या दोन सेनापतींचा १९११ मधला फोटो प्रसिद्ध आहे. दुकान आता नाही. फोटो फोनमध्ये घेऊन या, म्हणजे जागा डोळ्यांसमोर उभी राहील.

पुढे सान अँटोनिओ आणि मेसाच्या कोपऱ्यावर केपल्स बिल्डिंग. वास्तुविशारद हेन्री ट्रॉस्टच्या कंपनीच्या आराखड्यावर ती १९०९ मध्ये उभी राहिली. मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दीआस याच्याविरुद्ध उठाव करणारा फ्रान्सिस्को मादेरो, त्याच्या चळवळीचं कार्यालय १९११ मध्ये पाचव्या मजल्यावर होतं. मजला वरून मोजू नका. तेव्हा इमारत पाचच मजल्यांची होती, वरचे दोन नंतर चढवले. म्हणजे क्रांतीची कचेरी सर्वांत वरच्या मजल्यावर होती. आम्ही आत नेत नाही. समोरच्या फुटपाथवरून दिसतं तेवढं पुरतं.

आता गच्च्यांबद्दल. ८ ते १० मे १९११ या तीन दिवसांत हुआरेस सरकारी फौजेकडून क्रांतिकारकांच्या हाती पडलं. नेम चुकून तोफगोळे एल पासोत पडले तर अमेरिका मध्ये पडेल, या भीतीनं मादेरो हल्ला थांबवू पाहत होता. ओरोस्को आणि विया यांनी त्याचं ऐकलं नाही. रस्त्यावर यंत्रबंदुका लागलेल्या, म्हणून त्यांची माणसं कच्च्या विटांच्या भिंती फोडत एका घरातून दुसऱ्या घरात सरकत गेली. इकडे एल पासोचे लोक गच्चीवर चढून तमाशा बघत होते. भरकटलेल्या गोळ्यांनी त्यांतले काही मेलेही.

ही गोष्ट सांगताना पुष्कळ जण हॉटेल पासो देल नोर्तेकडे बोट दाखवतात. इथेच चूक होते. हॉटेल उघडलं १९१२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे १९११ ची लढाई त्याच्या गच्चीवरून कुणी पाहिलेली असणं शक्य नाही. नंतरच्या दोन लढायांच्या वेळी मात्र ते उभं होतं. १९१३ मध्ये वियानं हुआरेसहून निघालेली कोळशाची गाडी पकडली, ती हुआरेसलाच परत बोलावली जाईल अशी तार स्टेशनमास्तरच्या नावानं पाठवली आणि त्याच गाडीतून रात्री माणसं हुआरेसच्या स्टेशनात उतरवली. १९१९ मध्ये गोळ्या एल पासोत येऊ लागल्या, तेव्हा अमेरिकन फौज पूल ओलांडून गेली आणि वियाला माघार घ्यावी लागली. हॉटेलच्या दिवाणखान्यातला रंगीत काचेचा घुमट बघायला आत जरूर जा. कॉफी घेतली तर बसताही येतं.

दक्षिणेला सेगुंदो बारियो ही वस्ती. क्रांतीत पळून आलेला डॉक्टर मारियानो आझुएला १९१५ मध्ये इथे राहत होता आणि त्याची क्रांतीवरची कादंबरी स्पॅनिश वर्तमानपत्रात क्रमशः छापली जात होती. तिथून सांता फे पूल. २८ जानेवारी १९१७ रोजी कार्मेलिता तोरेस या सतरा वर्षांच्या मोलकरणीनं जंतुनाशनासाठी होणाऱ्या पेट्रोलच्या अंघोळीला नकार दिला आणि ट्राममधल्या बायकांनाही उतरवलं. पुलावर दोन दिवस दंगा चालला. आजचा पूल तो नव्हे आणि नदीही तिथली नव्हे : अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातला चामिसाल हा सीमावाद मिटल्यावर १९६० च्या दशकात इथली नदी सिमेंटच्या कालव्यात वळवली. तेव्हा ‘गोळी इथूनच आली असेल’ असा हिशेब पुलावर उभं राहून करू नका.

पलीकडे हुआरेसमध्ये जुनी कस्टम कचेरी हे आता क्रांतीचं संग्रहालय आहे. १९०९ मध्ये अमेरिकेचा टाफ्ट आणि मेक्सिकोचा दीआस हे दोन्ही राष्ट्राध्यक्ष इथे भेटले. २१ मे १९११ च्या रात्री कचेरी बंद असल्यानं बाहेरच, मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात दीआसचं सरकार आणि मादेरो यांच्यात तह झाला. चार दिवसांनी दीआसनं राजीनामा दिला. मादेरोचा तळ होता त्या कच्च्या विटांच्या घराची प्रतिकृती नदीकाठी पहिल्या सीमास्तंभाजवळ आहे. तिथे पायी जाता येत नाही, टॅक्सी लागते.

गाडी असेल तर एव्हरग्रीन दफनभूमीत व्हिक्टोरिआनो वेर्ताचं थडगं पाहा. मादेरोला उलथवणारा हा हुकूमशहा अमेरिकेच्या कैदेत, जानेवारी १९१६ मध्ये याच गावात मेला. फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर अमेरिकन सेनापती पर्शिंगचं घर आहे, पण परदेशी पासपोर्टवर तिथे प्रवेश सहज मिळत नाही, म्हणून ते आम्ही फेरीत घेत नाही.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले, दिएगो रिव्हेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. म्हणून त्यांचंही घर इथे असेल असं काही जण धरून चालतात. त्यांचं काम मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगोच्या कृषिशाळेत, क्रांतीनंतरचं.

कागदपत्रांची बाब नीट वाचा. अमेरिकेचा चालू, अनेक प्रवेशांचा व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टमधल्या अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, नुसती मंजुरीची नोटीस असेल, तर पूल ओलांडू नका. आधी वकिलाला विचारा. विद्यार्थ्यांनी कॉलेजनं दिलेल्या आय-२० या कागदावर प्रवासाची सही आहे का ते तपासावं. नदी ओलांडायची नसली तरी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा : शहराबाहेर आय-१० महामार्गावर पूर्वेला सीमा गस्तीची चौकी लागते, तिथे फोनमधल्या फोटोनं काम भागत नाही. हुआरेसहून परतीच्या रांगेचा नेम नसतो, त्या दिवशी विमानाचं तिकीट ठेवू नका. पेरू-आंबे घेतलेत तर पलीकडेच खाऊन या, पुलावर काढून घेतात.

एल पासोची वेळ डॅलसपेक्षा एक तास मागे आहे. घड्याळ तसंच राहिलं तर तासभर आधी येऊन चौकात बसाल. मार्च-एप्रिलमध्ये वारा आणि धूळ असते, चष्मा आणि रुमाल आणा. मे-जूनमध्ये माणशी किमान दोन लिटर पाणी. हवा कोरडी असल्यानं घाम जाणवत नाही आणि तहान उशिरा लागते.