पितळेचा केसाएवढा थर

जुन्या, हाताने घडवलेल्या सायकलींचे फोटो पाहिले की ‘काय सुरेख वेल्डिंग आहे!’ असं हमखास म्हटलं जातं. खरं तर तिथे वेल्डिंग नसतंच. लंडनच्या टॉटनहॅम भागातल्या हेचिन्स या सायकल बनवणाऱ्या कंपनीच्या फ्रेमी पाहा. नळ्यांची टोकं नक्षीदार पोलादी बाह्यांत शिरतात. या बाह्या म्हणजे लग. नळी आणि लग यांना एकत्र धरून ठेवतं ते पितळ. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात, पितळाला ९००च्या आसपास पुरतात. म्हणून पितळाचं पाणी झालं तरी पोलाद घनच राहतं.

पण हे पितळ आतपर्यंत पोचतं कसं? केशाकर्षणाने. नळी आणि लग यांच्यात जेमतेम ०.१ मिलिमीटर फट ठेवलेली असते. आधी टाकणखार लावतात, तो पोलादावरचा ऑक्साइडचा थर विरघळवतो. तो थर राहिला तर पितळ पसरत नाही, थेंब होऊन बसतं. स्वच्छ, तापलेल्या पोलादावर मात्र ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं फटीत ओढलं जातं, अगदी वरच्या दिशेनेही. ही ओढ फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. फट दुप्पट केली की ओढ निम्मी. कारागीर पितळेची सळई लगच्या एका कडेला टेकवतो आणि पलीकडच्या कडेला सोनेरी रेघ सलग उमटते का, ते पाहतो.

पितळ पोलादापेक्षा कमजोर, मग सांधा सुटत का नाही? हिशेब करू. नळीचा व्यास २८.६ मिमी, म्हणजे परीघ सुमारे ९० मिमी. ती ३० मिमी आत शिरली, तर पितळेने धरलेलं क्षेत्रफळ २७०० चौरस मिमी होतं. ०.९ मिमी जाडीच्या त्याच नळीचा काटछेद भरतो जेमतेम ७८ चौरस मिमी. जवळपास पस्तीसपट! ताण आला तर आधी नळी हार मानेल.

खरा धोका उष्णतेचा. फार तापवलं की पोलाद मऊ पडतं. म्हणून १९३५ साली आलेल्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ‘५३१’सारख्या पोलादी नळ्या टोकांना जाड आणि मधे पातळ मिळत.

‘जुनी फ्रेम मरते, लिबलिबीत होते’ हा समज मात्र निराधार आहे. पोलादाचा ताठरपणा वयाने घटत नाही. जुनी फ्रेम घेताना नळ्यांना आतून गंज आहे का आणि लगच्या टोकाशी रंगाला बारीक तडा गेलाय का, एवढं नक्की तपासा.