‘दहशत’ आली कुठून?

बिबट्याची दहशत, टोळक्याची दहशत, दहशतीचे वातावरण. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका वापरलाय की तो परका वाटतच नाही. पण मूळ अरबी. तिथे ‘दहशा’ म्हणजे थक्क होणे, आश्चर्याने अवाक होणे; त्यात भय असायलाच हवे असे नाही. फारसीत त्याला भीतीचा रंग चढला आणि मराठीत तो त्याच रंगात आला.

‘जरब’ही अरबीच. ‘झर्ब’ म्हणजे घाव, ठोका. मुघल नाण्यांवर टांकसाळीच्या गावाआधी हाच शब्द कोरलेला दिसतो, कारण नाणे ठोकून पाडले जाई. आपल्याकडे घाव मागे पडला, घावाची भीती उरली.

भीती घालणाऱ्याची पत मराठी बरोबर ओळखते. वडिलांचा धाक, प्रशासनाचा वचक, जुन्या हेडमास्तरांचा दरारा. यात थोडा आदर आहेच. ‘पोलिसांचा वचक राहिला नाही’ ही तक्रार असते. ‘पोलिसांची दहशत’ म्हटले की आरोप होतो. दहशत बसवणारा बहुधा गुंड. आणि ज्याच्यावर ती बसते तो धास्ती घेतो, धसका घेतो, क्वचित हाय खातो.

गंमत म्हणजे युरोपात ‘टेरर’ला राजकीय अर्थ मिळाला तो सरकारमुळेच. सप्टेंबर १७९३ मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारी संसदेत दहशत हेच धोरण करा, अशी उघड मागणी झाली. फेब्रुवारी १७९४ मध्ये क्रांतीचा नेता रोबेस्पिएरने भाषणात तिचे समर्थन केले. जुलैत त्याचेच डोके गिलोटिनखाली गेले. ‘टेररिझम’ हा शब्द त्यानंतरचा, पराभूत राजवटीला हिणवण्यासाठी रूढ झालेला. सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांना तो चिकटला पुढे, एकोणिसाव्या शतकात.

त्यासाठी हिंदीने ‘आतंकवाद’ घेतला. संस्कृतात ‘आतंक’ म्हणजे रोग, पीडा. आयुर्वेदात तो व्याधीचा पर्याय आहे. मराठीने मात्र ‘दहशती’लाच ‘वाद’ जोडला. अरबी शब्दाला संस्कृत शेपूट, तरी कुणाला खटकत नाही.

कायद्यात या शब्दाला वेगळेच वजन आले. १९८७ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात आणि आजच्या यूएपीए या बेकायदा कारवाया रोखणाऱ्या कायद्यातही लोकांमध्ये दहशत निर्माण करण्याचा हेतू हा व्याख्येचा गाभा आहे. म्हणजे बातमीत सहज पडणारा शब्द कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो, आणि बरेच खटले तिथेच अडतात.